पडद्यावरच्या शेळ्या

सर्वेक्षणवाली तेजल वर्षातून एकदा टॅबलेट घेऊन आली की कौतिकाबाई आधी विचारायची, "तिचं कसं चालूय?"

ती म्हणजे संगणकात घडवलेली हुबेहूब कौतिकाबाई. दोन शेळ्या दिल्या तर गरिबी किती हटते, हे संशोधक पाच वर्षं तिच्यावर तपासत होते. खरी कौतिकाबाई शेळ्यांविना, फक्त तुलनेला होती.

पडद्यावर आता पक्कं घर होतं, दारात अठरा शेळ्या होत्या. तिची मुलगी पायल नर्सिंग शिकत होती. हिची पायल वीटभट्टीवर विटा थापत होती.

"टाचासुद्धा फुटल्या नाहीत मेलीच्या," कौतिकाबाई पुटपुटली.

"मावशी, तिच्यावर कशाला जळता? ती खरी नाही."

"मंग शेळ्या तिला काहून दिल्या?"