सगळा दोष

वियेस्वावच्या काळ्या शर्टाची कॉलर टोकाशी चकाकत होती. असल्या कापडावर इस्त्री उलट्या बाजूने फिरवायची असते, हे आता त्याच्यासोबत राहणाऱ्या इलोनाला अजून ठाऊक नव्हतं. पोलंडमधल्या तार्नूफच्या कोर्टातल्या बाकावरून ग्राझिनाने ती चकाकी पाहिली आणि नजर काढून घेतली.

घटस्फोटाचा अर्ज तिच्या नवऱ्याचा, वियेस्वावचा होता. दोष कुणाचाच नाही असं दोघांनी म्हटलं असतं, तर एका सुनावणीत सुटले असते. ग्राझिना अडून बसली. तिला दोष ठरवून हवा होता, तोही सगळा त्याच्यावर. दोन वर्षं साक्षीच चालल्या होत्या. तिकडे इलोनाला सातवा महिना लागला होता.

“ताई, पुरे आता,” धाकटी उर्शुला पुटपुटली. “त्या दोषाचं काय लोणचं घालणार आहेस?”

“गाळ खाली बसू दे.”

ग्राझिना पाण्याचे नमुने तपासायची. घाई तिच्या स्वभावात नव्हती.

वियेस्वाव उठून जवळ आला.

“बाळ यायच्या आत लग्न करायचंय मला. इलोनासाठी तरी सोड ना.”

“मी काय सांगतेय इतके दिवस? खरं बोल.”

“वकील म्हणतो, काही झालं तरी कबूल करू नकोस.”

“त्याला काय, जितक्या तारखा तितकी फी,” उर्शुला म्हणाली. “आणि तू आपला मान डोलावतोस.”

तो ग्राझिनाकडेच बघत होता. “आणि सगळं कबूल केलं तर?”

“तर आजच निकाल लागेल.”

इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती.

आत गेल्यावर तो उभा राहिला. वकील बाही ओढत होता तरी थांबला नाही. इलोना, कामाच्या नावाखाली केलेले दौरे, सगळं सांगितलं.

“हिचा काडीचाही दोष नाही. सगळा माझा.”

त्याचे खांदे सैल पडले. वकिलाने डोळे मिटून घेतले. उर्शुलाने बहिणीचा हात दाबला. तो गार होता.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

“दोष पूर्ण नवऱ्याचा, आणि घटस्फोटही तोच मागतोय. अशा वेळी बायकोच्या संमतीशिवाय कायदा सहसा त्याला मोकळं करत नाही. बाई, तुमची संमती आहे?”

ग्राझिना उठली. स्कर्टची घडी सारखी केली. वियेस्वाव तिच्याकडे बघून हसला, आभार मानल्यासारखा.

“नाही,” ती म्हणाली.