माहेरचं टमाटं

पिवळ्या टोमॅटोची फोड सुमनताईंनी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि सावकाश चावली. समोर स्टुलावर बसलेल्या चिमाजींचा जबडाही नकळत हलत होता.

"कापूस," त्या म्हणाल्या. "ओला कापूस धरलाय तोंडात, असं वाटतंय."

चिमाजी उठले. बशी घेऊन ते मोरीकडे गेले आणि एक फोड स्वतः खाल्ली. चांगली रसाळ, मधासारखी गोड होती. त्यांना त्या गोडीचा रागच आला. उरलेल्या फोडी त्यांनी कोंबड्यांना टाकल्या.

सुमनताईंच्या गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक झाले. आजार गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते, काहींची परत येते, काहींची येतच नाही. निरनिराळं चाखायला देत राहा. पण चव नाही म्हणून सुमनताईंना घास जाईना. पोलकं अंगावर लोंबायला लागलं. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं मागच्या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यांना पहिल्यापासून टोमॅटोचं वेड. निघोज्यात शेत होतं तेव्हा खुरपता खुरपता त्या झाडाचा टोमॅटो तोडून पदराला पुसून खायच्या. शेताच्या जागी आता कंपनीची शेड उभी होती. राहिलं होतं ते घर, वर भाडेकरूंच्या खोल्या आणि त्यांच्यावर गच्ची. कंपन्यांतून आलेल्या रंगाच्या रिकाम्या बादल्यांत चिमाजींनी गच्चीवरच मळा केला. सांगवीला दिलेली लेक अंजली देशी बियाण्यांच्या प्रदर्शनातून पुड्या आणून द्यायची. पिवळं, काळपट, हिरव्या पट्ट्यांचं, द्राक्षाएवढं, वांग्याएवढं. एकेक वाण पिकत गेलं आणि एकेकाची फोड सुमनताईंच्या जिभेवरून तशीच पोटात गेली. काळपट टोमॅटोला त्या माती म्हणाल्या. पट्ट्याच्या टोमॅटोला काहीच म्हणाल्या नाहीत, नुसत्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

शेवटी चिमाजींनी जुन्नरकडे मेव्हण्याला फोन केला. सुमनताईंच्या माहेरी एक गावरान टोमॅटो असायचा, चपटा, पाकळ्या पाडल्यासारखा. त्याच्या आंबटपणाची गोष्ट त्यांनी लग्नापासून शंभरदा सांगितली होती. मेव्हणे, सोपानराव, म्हणाले की आता सगळीकडे हायब्रीड झालंय, पण बांधाला तसलं एक झाड आपोआप उगवलंय, त्याचं बी धाडतो.

ते बी चिमाजींनी लेकरासारखं जपलं. गच्चीवर पाणी चढत नव्हतं, म्हणून खालून कॅन भरून नेत. एका दुपारी ऊन लागलं आणि कॅनसकट ते जिन्यावरून घरंगळले. वरचा भाडेकरू प्रीतम शिफ्ट करून येत होता. त्यानं उचलून खाली आणलं, कपाळाला टाके घालून आणले.

सुमनताई त्यांच्या उशाशी बसल्या. त्यांना स्वतःला नीट बसवत नव्हतं.

"पुरं करा आता," त्या म्हणाल्या. "न्हाई यायची माझी चव. तुमी पडलात तर मला कोण हाय?"

"तुझ्या माहेरचं तेवढं पिकू दे, सुमन."

"आणि त्यानंबी काय झालं न्हाई तर?"

"तर दुसरं लावीन."

सुमनताई त्यांच्या कपाळावरच्या टाक्यांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून चिमाजी पुन्हा कॅन घेऊन जिना चढले.

फळ धरलं ते अगदी सांगितल्यासारखं, चपटं आणि पाकळ्यांचं. पहिलं लाल झालं त्या सकाळी त्यांनी ते ओंजळीत धरून खाली आणलं, फोडी केल्या आणि बशी पुढं केली. आता आशा करायचीही भीती वाटत होती.

सुमनताईंनी फोड चावली. थांबल्या. मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, एक डोळा मिटला, खांदे वर आले.

"आंबट," त्या म्हणाल्या. "अहो, आंबट लागतंय. दात आंबले बघा."

चिमाजी खाली बसले. त्यांनी अंजलीला फोन लावला आणि फोन तसाच बायकोच्या हातात दिला. तिकडे लेक रडत होती, इकडे आई सांगत होती की अगदी तसंच हाय, आमच्या मळ्यातल्यावानी, कानामागं शिणशिणतंय. प्रीतम डोकावला तर त्यालाही तेच सांगितलं. मग त्यांनी भाकरी मागितली. कितीतरी दिवसांनी चतकोर भाकरी पोटात गेली. घास घशाशी अडखळत होता, पण त्या थांबल्या नाहीत.

"आता त्या बादल्या खाली आणायला लावा प्रीतमला," पाणी पिऊन त्या म्हणाल्या. "चव आली, काम झालं. परत त्या जिन्याला पाय लावायचा न्हाई. माझी शपथ हाय."

चिमाजींनी कबूल केलं. त्या क्षणी बायकोनं काहीही मागितलं असतं तरी त्यांनी कबूल केलं असतं. बशी घेऊन ते मोरीपाशी गेले. एक फोड उरली होती. ती त्यांनी तोंडात टाकली.

"आंबट हाय न्हवं?" आतून सुमनताईंनी विचारलं.

"लई आंबट," चिमाजी म्हणाले, आणि गुळासारखी गोड फोड गिळायला त्यांना बराच वेळ लागला.