काळजीपोटी

"माझ्या खोलीत कुणीतरी येऊन जातंय," ती म्हणाली.

कुलूपवाल्याचा हात थांबला. दाराचं जुनं कुलूप अर्धं निघालं होतं आणि तो गुडघ्यावर बसून उरलेला स्क्रू काढत होता. पुढच्या महिन्यात दोघांचं लग्न. होणारी बायको कुलूप बदलून दे म्हणाली, तेव्हा त्यानं कारण विचारलं नव्हतं. आता कारण आपसूक समोर आलं.

"चोरीला काही गेलंय?"

"छे. चोर परवडला. तो कशासाठी आला ते तरी कळतं."

"मग कशावरून म्हणतेस?"

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. बोलायची कमी, बघायची जास्त. तिनं पलंगावरून, कपाटावरून, खिडकीशेजारच्या टेबलावरून सावकाश नजर फिरवली.

"कपाटातले कपडे मी कधी इतके नीट ठेवत नाही. मला तेवढा वेळच नसतो. आणि हे कुलूप. खोली घेतली तेव्हापासून त्याच्याशी रोज झटापट. आता महिनाभर लोण्यासारखं फिरतंय."

"वापरून वापरून होतं तसं," तो पटकन म्हणाला.

"असेल बाबा. कुलपातलं तुला कळतं."

"संशय कुणावर आहे?"

"आहे एकावर."

"कोण?"

"खात्री झाली की सांगेन. साप साप म्हणून भुई कशाला धोपटायची?"

त्यानं जुनं कुलूप बाजूला ठेवलं. नवं कुलूप बसवलं, दोनदा फिरवून दाखवलं आणि पाकिटातल्या किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या.

"पाकीट फोडलेलं कसं?"

"दुकानात तपासूनच आणतो आम्ही. गिऱ्हाइकाच्या दारात फजिती नको."

"किल्ल्या एवढ्याच?"

"एवढ्याच."

"बरं. आतून एक कडीही लाव. चांगली जाड."

"आता कडी कशाला? नवंकोरं कुलूप आहे की."

"तू लाव तर खरी."

त्यानं तोंड पाडून लावली. निघताना तिनं पाणी दिलं, चहाचं विचारलंही. पण दुकानाचं निमित्त सांगून तो जिना उतरला.

दुपारी धाकटी बहीण दुकानात डबा घेऊन आली. तो जेवत होता आणि ती भिंतीवर लटकलेल्या किल्ल्या बोटानं वाजवत बसली होती. तिची जीभ काही स्वस्थ बसणारी नव्हती.

"दादा, एक गंमत तुझ्या लक्षात आली का? दुकानात पोरं येतात ती दुसऱ्याच्याच कुलपाची किल्ली मागायला. बहिणीच्या खोलीची, बायकोच्या कपाटाची. आणि पोरी येतात त्या आतून लावायची कडी मागायला."

"काळजी असते म्हणून मागतात पोरं."

"काळजी असली तर दार वाजवावं, कशी आहेस म्हणून विचारावं. कुलूप उघडून कसली काळजी करतात?"

"तुला जग कुठे माहितीये? घरातल्या बायकांकडे पुरुषानं लक्ष नाही ठेवायचं तर कुणी ठेवायचं?"

"आणि पुरुषांकडे?"

"पुरुषांना काय धाड भरलीये?"

धाकटी हसली, पण हसू काही फार टिकलं नाही. डबा आवरता आवरता म्हणाली, "बडबडतोस नुसता. तू तसला नाहीस म्हणून बरं. नाहीतर वहिनीला मीच सांगितलं असतं, पळ म्हणून."

"ती काही बोलली का तुझ्याजवळ?"

"काय बोलणार?"

"सहज विचारलं."

पण सहज काही नव्हतं. 'आहे एकावर' हे शब्द त्याच्या डोक्यात भुंग्यासारखे फिरत होते. कोण हा एक? दवाखान्यातून तिला कधीमधी गाडीवर सोडणारा तो चष्मेवाला? घरमालकाचा मुलगा, ज्याला जिन्यातच सगळी कामं सुचतात? आणि नाव सांगायला तिला एवढा संकोच का? ज्याच्यावर राग असतो त्याचं नाव माणूस चार लोकांत घेतो. लपवतो ते वेगळ्याच कारणासाठी. विचार करकरून त्याचं डोकं पिकलं. नेहमी हातासरशी होणारी किल्ली त्या दिवशी त्यानं चुकीची कापली आणि गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली.

संध्याकाळी त्यानं तिला फोन केला. तिचा आवाज नेहमीसारखाच. उद्या दुपारची ड्यूटी आहे, उशीर होईल, म्हणाली. त्यानं न विचारता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं धाकटीला दुकानात थांबायला सांगितलं.

"आज नाही जमणार. मैत्रिणीकडे जायचंय."

"कोण मैत्रीण?"

"आहे एक," धाकटी म्हणाली आणि त्याच्याकडे न बघताच निघाली.

हिचंही लक्षण ठीक दिसत नाही, त्यानं मनात नोंद केली. पण आधी ते दुसरं प्रकरण. उन्हाचं रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि तडक तिच्या घराची वाट धरली. आज सोक्षमोक्ष लावायचा, मग लग्न राहो नाहीतर मोडो, असं स्वतःला बजावत तो जिना चढला. पण लग्न मोडावं असं त्याला वाटत नव्हतं. ती त्याला मनापासून आवडायची, त्यात काही खोट नव्हती.

दाराशी येऊन त्यानं कान लावला. आत खुर्ची सरकली.

ती तर ड्यूटीवर. म्हणजे तो एक आत होता, नवं कुलूप लावूनसुद्धा. त्याला आत घेणारी तीच असणार. कुलूपवाल्याचं डोकं भणाणलं. आता बरा सापडला, रंगेहाथ.

त्यानं नेहमीप्रमाणे चपला दाराबाहेर काढल्या आणि खिशातली किल्ली काढली. मागच्या किल्लीसारखंच हिलाही त्यानं पेन्सिलीचं शिसं चोळलं होतं, अडू नये म्हणून. दार अलगद उघडलं, आतली कडी लावलेलीच नव्हती. आत कुणी पुरुष नव्हता. खुर्चीवर धाकटी होती, त्याच्या हातातल्या किल्लीकडे बघत, तोंडावर हात धरून. पलंगाच्या कडेला त्याची होणारी बायको बसली होती. "पटलं आता?" तिनं धाकटीला विचारलं. मग त्याच्याकडे वळून, आवाज जराही न चढवता म्हणाली, "चपला काढल्यास? रोज येतोस तेव्हा काढत असशील. आज घाल परत."