गोलकीपरसमोरची जागा

शनिवारी सकाळी हुमेराने लेकीसाठी घावने डब्यात भरली, यहयाने आइस हॉकीची बॅग गाडीच्या डिकीत ठेवली, आणि इनायाने विचारले, "अब्बा, मॅच किती वाजता आहे?"

"नऊ," यहया म्हणाला. दात घासतानाही तिने हेच विचारले होते.

अबुधाबीच्या रस्त्यावर ऊन नुकते पसरत होते. इनाया डोळ्यांवर हात धरून बसली होती. गुरुवारच्या सरावात ती पडली, तेव्हा हेल्मेट बर्फावर आपटले होते. "आय ॲम फाइन," असे ती तेव्हा म्हणाली होती आणि यहयाने ते मानले होते. आज फायनल होती.

प्रतिस्पर्ध्यांची एखादी खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसली, की इनायाने थेट त्यांच्या गोलकीपरसमोर जाऊन उभे राहायचे. गोलकीपरला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, दिसू द्यायचा नाही. मागून संघातली अलिशा फटका मारील. धक्के बसतात, पाठीवर काठ्या बसतात, कधी पकही लागतो. कोचचा मदतनीस म्हणून यहयानेच तिला त्या जागेवर उभे केले होते.

रिंकवर अलिशा ओरडली, "अंकल, आज हिला हलवू नका हां! आमची चीनची भिंत आहे ही!"

सगळ्या मुली हसल्या. इनाया जरा उशिरा हसली.

स्केट घालून मुली आत गेल्यावर यहयाने तिला बाहेरच्या बाकावर थांबवले. "अलिशा कुठून मारणार?"

तिने बराच विचार केला. "लेफ्टने?"

महिनाभर त्यांनी उजवीकडूनच सराव केला होता.

"बेटा, डोकं दुखतंय?"

"थोडंसंच. अब्बा, प्लीज, कोचला सांगू नका. मला फक्त उभंच राहायचंय ना?" तिने त्याची बाही धरली. "तुम्हीच म्हणता, लागलं तरी जागा सोडायची नाही."

यहया उठला. तो कोचकडे गेला, दोन वाक्ये बोलला आणि परत आला.

आत शिट्टी वाजली. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. उजव्या स्केटची गाठ सोडून तो नाडी एकेका छिद्रातून सैल करू लागला. इनायाने पाय मागे घेतला नाही. तिचे अश्रू त्याच्या मनगटावर पडत होते. त्याने वर पाहिले नाही. दुसरा पाय हलकेच मांडीवर घेतला.