पंखातली अडचण

डेट्रॉइटच्या कारखान्यात नव्या आलिशान गाडीचा मातीचा नमुना उभा होता. कंपनीच्या साहेबांचा हात गाडीच्या मागच्या टोकाला शोभेसाठी काढलेल्या उंच पंखांवरून हटेना, तसं इंजिनिअर वेंडेलच्या पोटात दुखू लागलं. त्याच्या इंजिनावरून असा हात कधी कुणी फिरवला नव्हता.

"पंख कापावा लागेल," तो गंभीरपणे म्हणाला. "पेट्रोल भरायचं तोंड नेमकं तिथंच येतंय."

"एवढंच ना?" पंख रेखाटणारा लायल हसला. त्यानं मागचा दिवाच झाकणासारखा उघडता येईल असा केला आणि तोंड त्याच्याआड दडवलं.

प्रदर्शनात त्या दिव्यानं टाळ्या घेतल्या. वेंडेलच्या बायकोनं तर तो तीनदा उघडून पाहिला.

"असलं काही तुला का नाही रे सुचत?"

"अडचण मलाच सुचली होती," वेंडेल म्हणाला.