चर्चमागची गल्ली

"चर्चच्या मागून गल्ली हाये ना, तिथून जात जाय. एवढा वळसा कायले घेती?"

दीपमाला चालता चालता थांबली. फोनवर आई होती, यावलहून. द्रौपदाबाई आयुष्यात जळगावच्या पुढे गेलेली नव्हती आणि जर्मनीतल्या या शहराचं नावसुद्धा तिला धड घेता येत नव्हतं.

"गल्ली आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगंल? दिसते ना मले." आई हसली. "जेवली का?"

दीपमाला चर्चच्या मागे गेली. गल्ली होती. त्या दिवशी ती कॉलेजात सात मिनिटं आधी पोचली.

इथं येऊन दोन महिने होत आले तरी तिचं बस्तान बसत नव्हतं. कचऱ्याचे चार रंगांचे डबे होते. एकदा तिनं बटाट्याची सालं चुकीच्या डब्यात टाकली, तर शेजारच्या बाईंनी ती न बोलता तिच्या दारात आणून ठेवली. पहिल्या रविवारी सगळी दुकानं बंद, म्हणून तिनं बिस्किटांवर दिवस काढला. वर्गात सगळे हसले की तीही हसायची, पण थोडी उशिरा. घरी मात्र एकच सांगायची, मजेत आहे.

त्यामुळे फोनवर बोलायला काही उरायचंच नाही. जेवलीस का, थंडी आहे का, एवढं झालं की दोघीही गप्प. आश्रमशाळेत स्वयंपाक करणाऱ्या आईला तिथलं काय विचारावं कळत नसे.

दिवाळीनंतर आई अचानक बोलायला लागली. कोपऱ्यावर रूळ हायेत, बघून जाजो. त्या लाल दुकानाशेजारचा जिना उतरू नको, तिठी अंधार हाये. एकेक गोष्ट खरी. दीपमालानं यातलं काहीच तिला सांगितलेलं नव्हतं.

म्हणजे दुसरं कुणीतरी सांगत होतं. आणि असं सांगू शकेल असा इथं एकच माणूस होता.

योगेंद्र मूळचा धुळ्याचा, तिच्या एक वर्ष पुढे. पहिल्या दिवशी तिला स्टेशनवर घ्यायला आला होता. तिथूनच त्यानं स्वतःच्या फोनवरून आईशी बोलून "काळजी करू नका, मावशी" असं सांगितलं होतं. पत्त्याची नोंद, ट्रामचा पास, स्वस्त तांदूळ कुठे मिळतो, सगळं त्यानंच दाखवलं. रोज भेटला की मुद्दाम अहिराणीत विचारायचा, "बठ्ठं ठीक शे ना?" सगळं ठीक आहे ना, एवढंच; पण त्या चार शब्दांनी तिला दिवसभराचा धीर यायचा.

दुसऱ्या दिवशी ट्राममधून उतरताच तिनं त्याला गाठलं.

"माझ्या आईला माझी खबर देतोस?"

"कसली खबर?"

"मी कुठून जाते, कुठे वळते. माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय का तुला?"

योगेंद्र तिच्याकडे बघतच राहिला. "मावशींशी मी त्या दिवसानंतर बोललेलोच नाही."

"मग तिला दिसतं कसं?"

"ते मला कसं माहीत असणार?" तो म्हणाला. "यापुढे माझ्याशी बोलू नकोस," ती म्हणाली. तो मान खाली घालून निघून गेला. त्यानंतर तो पुढच्या डब्यात चढायला लागला.

महिनाअखेरीस तिनं खोली बदलली. नवा पत्ता कॉलेजात कुणालाच दिला नाही. फक्त धाकट्या भावाला, प्रशीलला कळवला. तो यावल डेपोत कंडक्टर होता. घरातले सगळे कागद तोच सांभाळायचा.

चार दिवसांनी आईचा फोन आला.

"नवं घर चांगलं हाये व. समोरचं झाड केवढं हिरवंगार! सावली पडत असंल."

दीपमालानं खिडकीचा पडदा सरकवला. समोर झाड होतं. डिसेंबर लागला होता, झाडावर एकही पान नव्हतं.

योगेंद्रला हे घर माहीत नव्हतं. प्रशीलकडे नुसता पत्ता होता. आणि घर पाहिलेला कुणीही झाड हिरवं का सांगेल? तिनं योगेंद्रला माफीचा निरोप लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि पाठवून दिला. मग आईला काय होतंय, या विचारानं तिचं पुस्तकात लक्ष लागेना. आईच्या डोळ्यांतून हल्ली पाणी येतं, जळगावला डॉक्टरांना दाखवायचंय, असं प्रशील म्हणाला होता. डोळ्यांचं की डोक्याचं?

दोन दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास ती वर्गातून बाहेर पडत होती, तेव्हा फोन वाजला. आई रडत होती.

"दीपा, मी चुकली व माय. पूल ओलांडला, अन् मंग कुठी आली तेच समजेना."

"आई, कुठे आहेस तू? जळगावला गेलीस? एकटी?"

"सारे रस्ते एकसारखेच. पाट्या वाचता येत नाही. माणसं दिसतात, पण कोणी बोलत नाही."

"जिथे आहेस तिथेच थांब! हलू नकोस!"

फोन कट झाला. पुन्हा लावला, लागेना. हजारो मैलांवरून ती काय करणार होती? तिनं प्रशीलला फोन लावला.

"आई हरवलीये! कुठल्यातरी पुलापाशी आहे, रडतेय. आधी स्टँडवर बघ, मग पोलिसांना—"

"ताई, थांब. आई घरीच आहे. माझ्यासमोर खाटेवर बसलीये."

"मग पूल कुठला?"

प्रशीलनं आवाज बारीक केला.

"तुमच्याकडचाच. मोबाईलच्या नकाशात रस्त्यांचे जुने फोटो दिसतात ना, ते बघायला मी तिला शिकवलं. रोज शाळेतून आली की तुझ्या दारापासून कॉलेजपर्यंत बोटानं चालत जाते, परत येते. आज पूल ओलांडून गेली, आता परतीचा रस्ता सापडत नाहीये. मी म्हटलं बंद कर, तर ऐकत नाही. म्हणते, पोरगी कॉलेजातून यायची वेळ झाली, अन् मी दारात नाही."