जिन्यातलं कपाट

"हळू! पाय सांभाळ, पाय!"

"कपाटाचा की माझा?" धाकट्याने विचारलं आणि लगेच जीभ चावली. फोनवरचं एक कोरडं 'बरं' सोडलं, तर दोन वर्षांत तो दादाशी पहिल्यांदाच बोलत होता. आणि बोलला तेही असलं.

खालून नुसती धाप ऐकू आली.

कपाट आईचं होतं. धाकटा परगावी शिकायला होता तेव्हा दादाने, म्हणजे हाडाच्या सुताराने, ते तिच्यासाठी बनवलं होतं. दणकट आणि पुरुषभर उंच. दादाने लग्न केलं नाही, म्हणून आई त्या कपाटालाच 'थोरली सून' म्हणायची. सगळं पोटात ठेवते आणि कधी उलटून बोलत नाही! आता आईची वरची खोली सोडायची होती. दादाने फोनवर मोजकंच सांगितलं होतं, "कपाट तुझ्या लेकीला द्यायचंय. रविवारी ये." हमाल का नाही सांगितले, हे धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारायचं तर बोलावं लागलं असतं.

दादाने न विचारता खालचं टोक धरलं होतं. जिन्यात सगळा भार खालच्यावर येतो, हे दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या धाकट्यालाही कळत होतं. दादाचा गुडघा दुखरा आहे, हेही त्याला ठाऊक होतं. पण 'मी खाली येतो' म्हणायला जीभ रेटेना.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं. एक कोपरा भिंतीत, दुसरा कठड्यात. हलेना की डुलेना.

"टेकव जरा," दादा म्हणाला.

टेकवलं. जिना पार बुजून गेला. वर धाकटा, खाली दादा, मध्ये कपाट. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. कदाचित म्हणूनच धाकट्याला धीर आला.

"दादा, आई एवढी आजारी होती. मला का नाही कळवलंस?"

हाच प्रश्न त्याने तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर दादाच्या तोंडावर फेकला होता. आई गेल्यावर पोचला होता तो. "तू माझी आई चोरलीस," असंही म्हणाला होता. दादा मान खाली घालून उभा राहिला होता. तेव्हापासून अबोला.

कपाटाआड दादाने घसा साफ केला.

"तिनेच नको म्हटलं. तुझी बायको दवाखान्यात, सातवा महिना, अंथरुणावरून उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आई म्हणाली, तो इकडे आला तर तिकडे सुनेकडे कोण बघणार? माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तू आईवर रागावला असतास रे. गेलेल्या माणसाशी भांडून मिटवता येत नाही. म्हटलं, राग माझ्यावर असू दे. मी कुठे पळून जातोय?" दादा थांबला. "वाटलं होतं, पेलेल. आता नाही पेलत."

धाकट्याने कपाटाच्या फळीला कपाळ टेकवलं. डोळ्यांतलं पाणी नाकावाटे येऊ लागलं, तसा तो बाहीने पुसून म्हणाला,

"दादा, मी खाली येतो. तू वर ये."

"येणार कुठून? उडत?"

आधी धाकटा हसला, मग दादा. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या हिसक्यानेच की काय, कपाटाचा कोपरा सुटला.

उरलेल्या पायऱ्या बोलण्यात कधी संपल्या, कळलं नाही. बोलणं सगळं लेकीचं. दादाने तिला अजून पाहिलंच नव्हतं. नाक थेट आजीचं आहे म्हणे, आणि रागावली की चावते.

"मग स्वभाव तुझा," दादा म्हणाला.

खाली टेम्पोवाला वाट बघत उभा होता. त्याने कपाटाभोवती एक चक्कर मारली, मागे वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, हे तर सगळं स्क्रूवर आहे! फळ्या सुट्या करून आणायचं ना. एवढी मरमर कशाला केलीत?"

धाकट्याने दादाकडे पाहिलं. "तुला ठाऊक नव्हतं?"

"मीच तर बनवलंय." दादा रुमालाने मान पुसत राहिला.

"मग सुटं का नाही केलंस?"

"सुटं केलं असतं," दादा म्हणाला, "तर मी एकट्यानेच खाली आणलं असतं."